शाळा मुलांचं इन्स्टा बघू शकते का? पालक आणि मुलं सतत विचारतात ते प्रश्न

मी अठरा वर्षं माध्यमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवला आणि आता वेगवेगळ्या शाळांच्या पालकसभांना जाऊन मुलांच्या ऑनलाइन वावराबद्दल बोलते. सभा संपली की चार आया कोपऱ्यात थांबतात आणि रात्री मग व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू होतात, आणि गंमत नाही, खरंच तेच तेच प्रश्न असतात, सोलापूर असो की ठाणे. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय. मी वकील नाही, प्रकरण कोर्टापर्यंत जायची चिन्हं असतील तर वकील गाठा, पण तिथपर्यंत जाऊच नये म्हणून आधी काय विचारायचं ते इथे आहे.

१. शाळा "सोशल मीडियावर लक्ष ठेवते" म्हणजे नक्की करते काय?

बहुतेकांच्या डोळ्यासमोर एखादं सॉफ्टवेअर येतं, पण आपल्याकडच्या साध्या शाळेत तसं काही नसतं. आपल्याकडे होतं ते असं: कुणीतरी मुलगी दुसऱ्या मुलीच्या स्टोरीचा स्क्रीनशॉट वर्गशिक्षिकेला पाठवते, वर्गशिक्षिका तो पर्यवेक्षकांना, ते स्टाफच्या ग्रुपवर, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर पोरीला ऑफिसात बोलावणं. किंवा एखादे सर मुलांना इन्स्टावर फॉलो करतात आणि कोण कुठे फिरतंय ते बघत बसतात. किंवा दप्तर तपासताना फोन सापडतो आणि तो उघडला जातो. काही ठिकाणी पासवर्ड मागतात. मोठ्या शाळांमध्ये शाळेचा ईमेल आणि टॅब असतो, तिथे मात्र खरंच सॉफ्टवेअरमधून दिसतं (त्यासाठी प्रश्न ८). हे सगळे प्रकार वेगळे आहेत आणि उत्तरंही वेगळी आहेत, म्हणून "शाळा बघते" एवढं म्हणून भांडायला जाऊ नका, आधी नक्की काय बघितलं, कुणी आणि कसं ते विचारा.

२. मुलांना प्रायव्हसी असते का? माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे हो

असते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ मधूनच येतो. त्यात अठराच्या खालच्यांना वगळलेलं नाही. आता तेरा वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या माणसाइतकं मोकळं सोडायचं का, तर नाही, त्याची काळजी घेणारे आईबाप आहेत आणि शाळेत असेपर्यंत शाळाही आहे. पण काळजी घ्यायची म्हणून सगळं उघडून बघायचा परवाना मिळत नाही, गरज असेल तेवढंच बघायचं आणि कारण असेल तरच बघायचं, हे तिथेही लागू आहे.

"आमची शाळा खासगी आहे, आम्हाला घटना लागू नाही" असंही एका ट्रस्टींनी मला ऐकवलंय. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात. त्यामुळे ते वाक्य तितकंसं पक्कं राहिलेलं नाही.

३. मुलीचं अकाउंट पब्लिक आहे. मग शाळेने बघितलं तर तक्रार कशी करणार?

बघण्याबद्दल नाही करता येणार. चौकात लावलेला फ्लेक्स सगळेच वाचतात. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदासुद्धा माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही, तसं कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. पण त्यात "स्वतःहून" हा शब्द महत्त्वाचा. मैत्रिणीने तिचा फोटो टाकला तर तो तिने टाकलेला नाही. आणि बघितल्यावर शाळेने त्याचं काय केलं हा प्रश्न उरतोच. वर्गात सगळ्यांसमोर रील लावून दाखवणं, "बघा ही काय नाचते" म्हणणं, हा छळ आहे, अकाउंट पब्लिक असो वा नसो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे.

एक करा, आज रात्रीच करा, मुलीच्या इन्स्टावर तिची खरी जन्मतारीख आहे का ते बघा. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अठराच्या खालच्यांसाठी टीन अकाउंट आलंय, ते आपोआप प्रायव्हेट असतं आणि सोळाच्या खाली असेल तर सेटिंग ढिलं करायला पालकांची परवानगी लागते. पण निम्म्या पोरांनी अकाउंट उघडताना जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, मग हे काहीच लागू होत नाही.

४. फोन शाळेत सापडला. शाळा तो उघडून चॅट वाचू शकते का?

फोन काढून घेणं वेगळं आणि उघडणं वेगळं. ह्या एका फरकासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

काढून घेऊ शकते. दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शाळेतल्या स्मार्टफोनबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात सरसकट बंदी नको म्हटलं, शक्य तिथे फोन शाळेत जमा करून घ्या म्हटलं, नियम मोडला तर फोन काढून घेणं ही शिक्षा चालेल म्हटलं आणि धोरण पालक-शिक्षकांना विचारून ठरवा असंही म्हटलं. निकाल दिल्लीचा आहे, महाराष्ट्रात जसाच्या तसा बंधनकारक नाही, पण शाळेशी बोलताना दाखवायला उपयोगी आहे. फोन काढून घेतला की तो बंद करायचा, पाकिटात घालून नाव लिहायचं आणि पालकांच्या हातात द्यायचा, एवढंच शाळेचं काम.

उघडायचा नाही. आयटी कायद्यात "कॉम्प्युटर"मध्ये मोबाइल येतो आणि मालकाच्या परवानगीशिवाय त्यात शिरून माहिती बघणं-काढणं कलम ४३ मध्ये बसतं. लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६, तो गुन्हाच. शिक्षकांचा हेतू लबाडीचा नसतो हे मला मान्य आहे, पण ४३ ची नुकसानभरपाई हेतू बघत बसत नाही.

मी स्वतः बघितलेलं सांगते. गॅदरिंगच्या तालमी चालू होत्या, नववीतल्या एका मुलीच्या कंपासपेटीखाली फोन सापडला. स्टाफरूममध्ये टेबलाच्या काचेखाली वेळापत्रक असतं ना, त्याच्यावर तो फोन ठेवला होता आणि आमच्या वरिष्ठ बाई एका बोटाने चॅट वर सरकवत होत्या, "कोण हा मुलगा सांग" म्हणत. मुलगी बुटांच्या नाड्यांकडे बघत उभी. मुलगा वगैरे कुणी सापडला नाही. सापडले ते मावशीला पाठवलेले मेसेज, आईच्या गाठीचा रिपोर्ट आलाय आणि बाबांना अजून सांगितलं नाही असे. ते स्टाफरूममधल्या सहा जणांना कळलं, घरात बापाला कळायच्या आधी. मी त्या सहांत होते आणि मी एक शब्द बोलले नाही. त्या मुलीने नंतर वर्षभर माझ्या तासाला मान वर केली नाही.

५. पासवर्ड मागितला तर द्यायचा का? नाही दिला तर काढून टाकतील ना?

द्यायचा नाही. शांतपणे म्हणायचं, "आईबाबांना बोलवा, त्यांच्यासमोर बोलू." आपल्या २०११ च्या आयटी नियमांत पासवर्ड हा संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीत पहिलाच आहे, बँकेच्या आणि आजारपणाच्या माहितीच्याही वर. शिवाय एका पासवर्डमधून फक्त तुमचा मुलगा उघडा पडत नाही, त्याच्याशी बोललेली पन्नास मुलं उघडी पडतात आणि त्यांच्यापैकी कुणाच्याच आईबापाला विचारलेलं नसतं.

अमेरिकेत मिनेसोटामध्ये बारा वर्षांच्या मुलीकडून शाळेने फेसबुकचा पासवर्ड घेतला होता, केस उभी राहिली आणि २०१४ मध्ये शाळा प्रशासनाने ७०,००० डॉलर देऊन तडजोड केली.

काढून टाकण्याचं म्हणाल तर आठवीपर्यंत शाळेला तसा अधिकारच नाही, शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६. नववी-दहावीला काढायचं तरी आधी मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं (प्रश्न ९ मध्ये पुण्याचं प्रकरण बघा).

६. पण मुलाने स्वतःच फोन उघडून दिला म्हणे. मग संमती झाली ना?

हेडसर, पर्यवेक्षक आणि पीटीचे सर असे तिघं समोर उभे, दार लोटलेलं, आणि चौदा वर्षांचं पोर. ते "हो" म्हणतं त्याला संमती म्हणत नाहीत. नव्या डेटा कायद्यातसुद्धा संमती मोकळेपणाने, नेमकी, कशासाठी ते कळून आणि बिनशर्त दिलेली असावी लागते आणि अठराच्या खाली ती पालकांची लागते.

७. ॲडमिशनच्या वेळी हमीपत्रावर सही घेतली, "शाळा विद्यार्थ्याच्या सर्व समाजमाध्यमांवर लक्ष ठेवू शकेल". आता अडकलो का?

अडकला नाहीत. जूनमध्ये फीच्या रांगेत पाच कागदांवर सह्या करतो त्यातलाच तो कागद, मला माहितीय. "सर्व" आणि "कधीही" असे शब्द असलेली सही नेमकी संमती होत नाही, आणि नवा कायदा पूर्ण लागू झाला की दिलेली संमती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं असायला हवं अशी तरतूद आहे. पण थांबू नका तोवर. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घ्या. पत्रात एवढंच विचारा: कशासाठी बघणार, नेमकं काय बघणार, कोण बघणार आणि किती दिवसांनी पुसणार. मी आजवर बऱ्याच पालकांना हे पत्र द्यायला लावलंय आणि बहुतेक वेळा शाळेकडे चारपैकी एकाचंही उत्तर नसतं, हमीपत्र दुसऱ्या शाळेचं बघून छापलेलं असतं. मग आपोआप बोलणी सुरू होतात आणि ती चांगलीच होतात, कारण शाळेलाही खरं तर भीती वाटत असते.

८. नवीन डेटा कायद्यात शाळांना सूट आहे असं ऐकलं. म्हणजे आता शाळा काहीही करू शकते?

हा सध्याचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि शाळांनीही ह्याचं अर्धंच ऐकलेलं असतं, म्हणून सविस्तर.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्यात मूल म्हणजे अठरा पूर्ण न झालेलं. कलम ९ मध्ये तीन गोष्टी आहेत: मुलाचा डेटा वापरायच्या आधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या, मुलाच्या भल्याला बाधा येईल असा वापर करू नका, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं हे करू नका. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि त्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीतून सूट आहे. ही झाली ऐकलेली अर्धी गोष्ट.

उरलेली अर्धी: सूट फक्त दोन कारणांसाठी, संस्थेच्या शैक्षणिक कामासाठी किंवा तिथे शिकणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी. शाळेच्या ईमेलवर कुणी धमक्या पाठवतंय का, शाळेच्या टॅबवर परीक्षेच्या वेळी काय उघडलंय, हे त्यात बसतं. रविवारी कुठला मुलगा कुठल्या मुलीबरोबर तळ्याकाठी बसला होता हे बसत नाही. शाळेबद्दल पालकांनी केलेली तक्रार कुणी शेअर केली हे तर अजिबात बसत नाही, ती सुरक्षितता शाळेच्या नावाची झाली, मुलांची नाही. आणि दुसऱ्या गोष्टीतून, म्हणजे मुलाच्या भल्याला बाधा नको ह्यातून, कुणालाच सूट नाही. मुलांच्या बाबतीतल्या ह्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

एवढं लक्षात ठेवा की कायद्याचा हा मुख्य भाग नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतो, म्हणजे मे २०२७. तोपर्यंत प्रश्न ४ आणि ५ मधला आयटी कायदा आणि पुट्टस्वामी निकाल हाच आधार.

टॅब आणि ईमेलचं जाता जाता: शाळेने दिलेलं अकाउंट शाळेचं असतं, त्याचा ॲडमिन बरंच काही बघू शकतो, पासवर्ड बदलू शकतो. पोरं त्याच आयडीने यूट्यूब बघतात, मैत्रिणीला मेल करतात, स्वतःचे फोटो ड्राइव्हवर ठेवतात. तसं करू नका म्हणून मुलांना सांगा, शाळेचं दप्तर जसं शाळेपुरतं तसं ते अकाउंट. आणि शाळेला विचारा की टॅब घरी आणल्यावर बघणं बंद होतं का.

९. पोस्ट घरून, रात्री दहा वाजता, स्वतःच्या फोनवरून टाकली. त्यावर शाळा शिक्षा कशी करते?

करू नये, काही अपवाद सोडले तर. दुसऱ्या विद्यार्थ्याला धमकी, छळ, मुलीचे फोटो फिरवणं, पेपर फोडणं, ह्याचा परिणाम सकाळी वर्गात येतोच, तिथे शाळेने गप्प बसणं चूक ठरेल. पण "आमच्या शाळेचं कॅन्टीन बेकार आहे" किंवा राजकारणावरचं मत, हा शाळेचा विषय नाही.

महाराष्ट्राला ह्या बाबतीत दोनदा धडा मिळालाय. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यातूनच पुढे श्रेया सिंघल केस उभी राहिली आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. (अजूनही काही शिक्षक मुलांना ६६अ ची भीती घालतात. ते कलम आता नाहीये.) दुसरं प्रकरण मे २०२५ चं, पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट शेअर केली, नंतर काढून माफीही मागितली, तरी कॉलेजने नाव काढून टाकलं आणि अटकही झाली. मुंबई हायकोर्टाने जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. तिचं म्हणणं ऐकून न घेताच काढलं होतं, हे कोर्टाने बोलून दाखवलं. ती पोस्ट तुम्हाला पटो न पटो, मला इथे एवढंच सांगायचंय की ऐकून न घेता शिक्षा टिकत नाही, कॉलेजात टिकली नाही तर शाळेत कशी टिकेल.

अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टापुढे जून २०२१ मध्ये हाच मुद्दा होता. चीअरलीडिंगच्या मुख्य टीममध्ये न घेतल्याच्या रागात एका मुलीने शनिवारी दुकानातून स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घातल्या, शाळेने वर्षभर टीमबाहेर ठेवलं. आठ विरुद्ध एक मतांनी मुलगी जिंकली. कोर्टाचं एक म्हणणं मला फार पटतं, शाळेने शाळेतलंही बघायचं आणि बाहेरचंही बघायचं ठरवलं तर मुलाला चोवीस तासांत बोलायला जागाच उरत नाही.

१०. शाळेने स्क्रीनशॉट दाखवला. त्यात मुलाचं नाव आहे, आता काय बोलणार?

बोलायचं, भरपूर बोलायचं. नाव आणि डीपी कुणीही लावू शकतं, बनावट चॅट तयार करणारी ॲप फुकट मिळतात. मे २०२० मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांच्या इन्स्टाग्राम ग्रुपचं प्रकरण देशभर गाजलं होतं, त्याच्याबरोबर एक भयंकर स्नॅपचॅट संभाषण फिरत होतं आणि सगळे धरून चालले की ते त्याच मुलांचं. पोलिसांनी तपासल्यावर कळलं की ते त्या ग्रुपचं नव्हतंच, एका अल्पवयीन मुलीने मुलाच्या नावाने खोटं अकाउंट काढून केलेलं होतं. पोलिसांनी तपासलं म्हणून कळलं, मुख्याध्यापकांच्या ऑफिसात पाच मिनिटांत ते कसं कळणार?

कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. शाळा कोर्ट नाही हे खरंय, पण मूळ कुठे आहे, कुणी पाठवला, आधीचे-नंतरचे मेसेज कुठेत, एवढं तरी विचाराच.

११. शाळेच्या नावाने कन्फेशन पेज (नाव लपवून काहीही लिहायचं पान) निघालंय, त्यात मुलींबद्दल घाण लिहितात. तिथे पण शाळेने बघायचं नाही?

बघायचं. ते पेज उघडं आहे, त्यात त्रास होतोय. पण पेज कोण चालवतं हे शोधायला आठवी ते दहावीच्या सगळ्यांचे फोन गोळा करून तपासायचे नाहीत, एका शाळेने हे केलं आणि ज्याने पेज सुरू केलं होतं त्याने त्या दिवशी फोन आणलाच नव्हता. पेज रिपोर्ट करा, ज्या मुलींबद्दल लिहिलंय त्यांच्या घरी आधी सांगा, आणि १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा. अकाउंट कुणाचं हे कंपनीकडून पोलीस मागवू शकतात, शाळा नाही.

१२. आणि मूल खरंच संकटात असेल तर? शाळेने बघितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?

ह्या प्रश्नाला मी कधीच घाईने उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्या आईच्या आवाजात बहुतेक वेळा काहीतरी असतं.

आमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलाने प्रिलिमच्या निकालाच्या रात्री क्लोज फ्रेंड्सना स्टोरी टाकली, काळा स्क्रीन आणि "सगळ्यांना सॉरी". अकाउंट प्रायव्हेट, त्यातही निवडक अकरा जणांना दिसणारी. कुठल्याही बाईंनी कितीही लक्ष ठेवलं असतं तरी ती दिसली नसती. त्या अकरांपैकी एकाने पावणेबाराला मला फोन केला, "मॅडम, ओरडू नका, पण". मी मुलाच्या वडिलांना उठवलं, ते गच्चीवर गेले. तो मुलगा आज नोकरी करतो.

ज्याने फोन केला त्याने मला का केला, तर वर्षाच्या सुरुवातीला मी वर्गात सांगितलं होतं की कुणी मित्राबद्दल काही सांगितलं तर मी आधी मित्राला मदत करेन, फोन का होता, रात्री का जागा होतास असं विचारणार नाही. प्रश्न ४ मधल्या मुलीच्या वर्गातल्या एकानेही कुणा शिक्षकाला असा फोन केला नसता, माझी खात्री आहे. म्हणून शाळांना मी सांगते की समुपदेशकाला वेळ द्या, मुलांना एक नंबर द्या, पाळत ठेवून मुलं सेकंड अकाउंटवर जातात आणि मग खरंच कुणालाच काही दिसत नाही.

जिवाचा प्रश्न दिसला तर मात्र थांबायचं नाही, परवानगी वगैरे नंतर. लगेच पालक, मग टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. तेव्हा एखाद्या शिक्षकाने स्टोरी बघितली म्हणून मी कधीच भांडणार नाही.

१३. मी शिक्षिका आहे. एका मुलीचे नको ते फोटो फिरताहेत, पुरावा म्हणून माझ्याकडे घेऊन ठेवू का?

नाही! हे प्लीज सगळ्या स्टाफला वाचून दाखवा. अल्पवयीन मुलाचे तसे फोटो जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हे आयटी कायद्याचं कलम ६७ब आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) दोन्हीत गुन्हा आहे, "हेडसरांना दाखवायला पाठवला" ह्याने सुटका होत नाही. स्क्रीनशॉट नको, स्टाफ ग्रुप नको, शिपाई मामांना प्रिंट काढायला सांगणं तर नकोच (झालंय हे). कुणी, कधी, कुठल्या अकाउंटवरून हे कागदावर लिहा, फोन बंद करून ठेवा, पालकांना आणि पोलिसांना कळवा. पॉक्सोच्या कलम १९ खाली कळवणं सक्तीचं आहे, आणि संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. "शाळेचं नाव जाईल" म्हणून आपसात मिटवणारे इथेच फसतात. आणि मुलीला "तू पाठवलेसच का" हा प्रश्न त्या दिवशी कुणीही विचारू नये.

१४. सीसीटीव्हीला आपणच हो म्हणालो, मग ह्याला का नाही?

बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि मीही त्याच्या बाजूने होते, आहे. पण कॅमेरा शाळेच्या भिंतीवर असतो, सगळ्यांना दिसतो, आणि तो शाळेतल्या मोठ्या माणसांवरही तितकाच रोखलेला असतो. मुलाच्या चॅटमध्ये शिरणं म्हणजे कॅमेरा त्याच्या उशाशी नेऊन ठेवणं.

१५. मीच मॅडमना सांगितलंय की ह्याच्या इन्स्टावर लक्ष ठेवा, मला जमत नाही. चुकलं का?

चुकलं म्हणणार नाही, थकलेल्या आईने मदत मागितली. पण मॅडमकडे साठ मुलं आहेत, आणि मॅडमनी बघितलेलं स्टाफरूममध्ये जातं. त्यापेक्षा इन्स्टाचं पालकांसाठीचं सेटिंग घ्या, त्यात वेळ आणि तो कुणाशी बोलतो ते दिसतं, मेसेजमधला मजकूर दिसत नाही, आणि मुलाला ते माहीत असतं. मला तरी हे माप बरोबर वाटतं.

१६. बारावीतल्या मुलाला अठरा पूर्ण झाली. मग?

मग संमती त्याची स्वतःची, तुमची नाही. शाळा-कॉलेजने तुम्हाला विचारून त्याचा फोन उघडणं चालणार नाही. हॉस्टेलच्या फोनबंदीबद्दल विचारणाऱ्यांनी केरळ हायकोर्टाचा सप्टेंबर २०१९ चा निकाल बघावा, फोनबंदी मान्य केली नाही म्हणून हॉस्टेलमधून काढलेल्या विद्यार्थिनीला परत घ्यायला लावलं होतं आणि इंटरनेट वापरणं हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात धरलं होतं.

१७. उलट शाळाच मुलांचे फोटो फेसबुकवर टाकते, त्याचं काय?

हे विचारणारे कमी आहेत, वाढायला हवेत. गॅदरिंगचा ग्रुप फोटो ठीक, पण नाव, इयत्ता, तुकडी, कधी कधी स्कूलबसचा स्टॉप, सगळं एका पोस्टमध्ये असतं. फी भरली नाही म्हणून उभं केलेल्या मुलांचा फोटो पालक ग्रुपवर टाकलेला मी बघितलाय. प्रश्न ७ मधलं पत्रच वापरा, त्यात "माझ्या पाल्याचा फोटो नावासह टाकू नये" ही ओळ वाढवा.

१८. आम्ही अमेरिकेत असतो, इथे मुलीच्या शाळेच्या लॅपटॉपवर गॅगल आहे. काळजी करू का?

तिकडे हा धंदा जुना आहे, गॅगल, गोगार्डियन, सिक्युअरली अशा कंपन्या शाळांची अकाउंट तपासतात. मराठी घरांत एक जास्तीची अडचण होते, मुलगी आजीला मराठीत किंवा रोमन मराठीत काय लिहिते ते त्या यंत्राला धड कळेल ह्याची खात्री नाही. शाळेला विचारा की अलर्ट आल्यावर आधी माणूस वाचतो का आणि रात्री पोलिसांना कळवतात का. पेनसिल्व्हेनियात २०१० मध्ये उघड झालं होतं की एक शाळा दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून मुलांचे त्यांच्या घरातले फोटो काढत होती, ६,१०,००० डॉलरवर मिटलं. तेव्हा लॅपटॉप रात्री बेडरूमबाहेर ठेवा, झाकण मिटून. कॅलिफोर्नियात असाल तर जानेवारी २०१५ पासून कायदाच आहे, मुलांचं सोशल मीडिया तपासायची योजना असेल तर शाळेने आधी पालकांना कळवायचं, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर किंवा अठराचं झाल्यावर वर्षभरात ती माहिती नष्ट करायची. आपल्या शाळांना द्यायच्या पत्रात मी हेच मागते.

१९. शाळा ऐकतच नाही. तक्रार कुठे?

आधी शिक्षक-पालक संघ, लेखी. मग गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी (माध्यमिक). मुलाचा छळ झाला असेल तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग. फोनमधली माहिती काढून पसरवली असेल तर सायबर पोलीस. दाखला काढून दुसरीकडे जायचा विचार सगळ्यात शेवटी करा, कारण बहुतेक शाळा पहिल्या पत्रालाच वळतात.

२०. मी आठवीत आहे. आमच्या सरांनी मला फॉलो रिक्वेस्ट पाठवलीय. नाकारली तर मार्क कमी करतील का?

नाकार. मार्क कमी करू शकत नाहीत. कारण द्यायची गरज नाही, विचारलंच तर "घरी परवानगी नाही" म्हण, आणि आजच आईला किंवा बाबांना दाखव. सरांनी परत पाठवली किंवा रात्री मेसेज केला तर तो डिलीट करू नकोस, तसाच ठेव, आणि घरी सांगायला जमत नसेल तर १०९८ ला फोन कर, चोवीस तास चालू असतो आणि पैसे लागत नाहीत.